निवलेला भात : एका उपाहारगृहाची समीक्षा

आपल्याकडे समीक्षेला पुस्तक चालते, नाटक चालते, गाण्याची बैठक चालते. जेवण मात्र चालत नाही. जेवणाविषयी लिहायचे तर एक तर पाककृती लिहायची, नाही तर कौतुक. ‘आईच्या हातची चव’ हे आपल्या खाद्यविषयक लेखनाचे सर्वोच्च न्यायालय. तिथे निकाल लागला की पुढे अपील नाही. आणि वाईट जेवणाबद्दल तर लिहायचेच नाही, कारण अन्नाला नावे ठेवू नयेत असा आपला संस्कार आहे. संस्कार चांगला आहे, घरच्या पंगतीत बसणाऱ्या प्रत्येकाने तो जरूर पाळावा. पण जिथे फलक लावून, दर लिहून आणि नाव मिरवून अन्न विकले जाते, तिथे तो संस्कार फक्त विकणाऱ्याच्या सोयीचा ठरतो.

जर्मन कवी गटे याच्या नावावर समीक्षेचे तीन प्रश्न सांगितले जातात. कर्त्याने काय करायचे योजले होते? ते त्याने केले का? आणि ते करण्याजोगे होते का? आमच्या पिढीने एम.ए.च्या वर्गात हे प्रश्न कादंबऱ्यांना आणि खंडकाव्यांना विचारले. तेच प्रश्न एका जेवणाला विचारून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू. जेवण आहे तोक्योतल्या एका सुशीच्या उपाहारगृहातले. एके काळी त्याच्या दाराशी रांग लागत असे. त्याचे नाव मी देणार नाही. तिथे आजही चारदोन माणसे पोट भरतात, आणि आपला मुद्दा त्या एका दुकानापेक्षा मोठा आहे.

आधी पदार्थाविषयी. सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी आपल्याकडची समजूत आहे. मासे खाणाऱ्या घरांतही ‘छे छे, कच्चा कसला खायचा!’ म्हणून हात झटकले जातात. खरे पाहता नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानी माणूस ‘साशिमी’ म्हणतो. सुशी म्हणजे आंबट केलेला भात. तो शब्दच मुळी आंबटपणाचा आहे. माशाऐवजी अंडे घाला, काकडी घाला, तळून गोडसर शिजवलेल्या सोयाबीनच्या पनीराच्या पिशवीत नुसता भात भरा, तरी ती सुशीच. भात काढून घेतला की मात्र सुशी उरत नाही.

गंमत अशी की या पदार्थाच्या मूळ रूपात भात फेकून देण्यासाठीच होता. बिवा सरोवराकाठी आजही ‘फुनाझुशी’ नावाचा प्रकार करतात. गोड्या पाण्यातला मासा आधी मिठात आणि मग शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा. भात आंबतो, त्या आंबटपणाने मासा टिकतो. खायचा तो मासा. भात हे केवळ टिकवण्याचे साधन. पुढे शतकानुशतके हा काळ आखडत गेला. लोक भातही खाऊ लागले, आणि शेवटी आंबवण्याची वाट पाहण्याऐवजी भातातच शिर्का घालण्याची युक्ती निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हानाया योहेई नावाच्या माणसाने शिर्का घातलेल्या भाताचा गोळा हातात वळून त्यावर माशाचा काप दाबून विकायला सुरुवात केली, असे मानतात. त्याच सुमारास ओवारी प्रांतातल्या हांदा गावी नाकानो मातासाएमोन या मद्य गाळणाऱ्याने मद्याच्या चोथ्यापासून शिर्का करायला घेतला. त्याच्या व्यवसायाचा आरंभ १८०४ चा. तो तांबूस, किंचित गोडसर शिर्का जहाजाने एदोला जाऊ लागला आणि या नव्या सुशीला स्वस्त आंबटपणा मिळाला. महिन्यांचे काम क्षणावर आले. आज आपण जिला अभिजात म्हणून नमस्कार करतो ती वळलेली सुशी जन्माने अशी रस्त्यावरची आणि घाईतली आहे. आपल्या मिसळीच्या आणि भज्यांच्या गाडीची सख्खी बहीण. त्या वेळचा एकेक गोळा आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा असे. दोनचार खाल्ले की कामकऱ्याचे पोट भरत असे.

म्हणजे सुशीने काय करायचे योजले होते, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. समोर उभ्या असलेल्या माणसासाठी, त्याच्या डोळ्यांदेखत, त्या क्षणी खाण्याची वस्तू हाताने घडवणे. तीन गोष्टी त्यात अध्याहृत आहेत : भात, हात आणि वेळ.

भाताचे म्हणाल तर तो अंगाच्या उबेइतकाच गरम हवा, असा त्या धंद्यातला दंडक आहे. फार गरम झाला तर मासा कोमट पडतो, निवला तर दाणे आखडतात आणि शिर्का नाकात चढतो. गोळा असा वळायचा की बोटांत धरला तर सुटू नये, आणि जिभेवर ठेवला की दाणा दाणा मोकळा व्हावा. आपल्याकडे मऊ भाताची मूद पाडणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही. हात किंचित जास्त दाबला की मुदीचा लगदा होतो.

माशाचे म्हणाल तर ‘ताजा’ हा शब्द तिथे आपल्याइतका सोपा नाही. आम्हां बेळगावकडच्या मंडळींना गोव्याहून आणि कारवारहून घाट चढून येणाऱ्या मासळीची सवय. कल्ला उचलून लाली बघायची, डोळा बघायचा, बोटाने दाबून बघायचे, की परीक्षा झाली. एदोच्या परंपरेतला कारागीर त्यापुढे जातो. त्याच्या काळी बर्फ नव्हता. म्हणून प्रत्येक माशावर काही ‘काम’ करावे लागे. कुणाला मीठ आणि शिर्क्यात मुरवायचे, कुणाला सोया सॉसमध्ये बुडवून ठेवायचे, सागरी वाम असेल तर मऊ शिजवून घ्यायची. बर्फ आला, शीतपेट्या आल्या, तरी ते काम सुटले नाही. कारण मधल्या काळात ते टिकवण्याचे साधन न राहता चवीचे साधन झाले होते. ट्यूना तर दोनचार दिवस ठेवून मुरवतात. ट्यूना, आपली सुरमई आणि आपला बांगडा ही तिन्ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे इथे सांगून ठेवतो. म्हणजे परक्या जेवणावर निकाल देण्याचा आपला हक्क अगदीच परका नाही, हे ध्यानात येईल.

माझा धाकटा भाऊ संगणकाच्या व्यवसायात आहे आणि बरीच वर्षे तोक्योच्या पूर्वेला निशी-कासाई भागात राहतो. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे; किराण्याच्या दुकानात तुरीची डाळ मिळते आणि रविवारी मराठीही कानावर पडते. २०१३ साली त्याच्याकडे गेलो असता त्याने मला या उपाहारगृहात नेले. दहाबारा माणसे बसतील एवढा लाकडी ओटा, ओट्यापलीकडे साठीचा मालक आणि त्याच्या हाताखाली दोन पोरे. बाहेर रांग होती. आम्ही पाऊण तास उभे राहिलो. दुपारच्या जेवणाचे दीड हजार येन पडले. मालक एक गोळा वळून पुढ्यात ठेवी, आम्ही तो उचलला की मगच पुढच्याला हात घाली. मी डावखुरा आहे; दुसऱ्या घासापासून त्याने गोळा माझ्या डाव्या हाताच्या अंगाला ठेवायला सुरुवात केली. एक शब्द बोलला नाही. शिर्क्यात मुरवलेला बांगड्यासारखा मासा त्याने दिला, त्याची चव मी अकरा वर्षे विसरलो नाही. आंबट, खारट आणि तेलकट या तिन्हींना एका ओळीत बसवणे सोपे नसते.

२०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा जाण्याचा योग आला. शेजारचे दुकान घेऊन जागा वाढवलेली होती. ओटा होता, पण तो लांबलचक आणि गुळगुळीत झाला होता. रांग नव्हती. दुपारी साडेबारा वाजता निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या. प्रत्येकाच्या पुढ्यात एक पडदा बसवलेला. त्यावर चित्राला बोट लावायचे आणि थांबायचे. जुना मालक निवृत्त झाला असून चालवणारे दुसरेच आहेत, असे कळले. भिंतीवर मात्र त्याचा मोठा फोटो होता. दर तीन हजार आठशे येन.

मुद्द्यावर येतो. दहा तुकड्यांचे जेवण होते आणि दहाच्या दहा एकदम, एका पाटावर मांडून आले. म्हणजे ‘वेळ’ ही तिसरी अट पहिल्याच क्षणी मोडली. शेवटचा तुकडा तोंडात जाईपर्यंत दहा मिनिटे गेली. पण खरे तर त्याने बिघडण्यासारखे काही उरलेच नव्हते, कारण पहिल्या तुकड्याचाही भात निवलेला होता. निवलेला म्हणजे कोमटही नाही. शीतपेटीतून काढलेल्या भाताला असतो तसला गारवा. दाणे एकमेकांना घट्ट धरून बसलेले. सगळे गोळे तंतोतंत एका मापाचे. मागे पडद्याआडून यंत्राची घरघर ऐकू येत होती. भाताचे गोळे पाडणारी यंत्रे जपानात १९८१ पासून आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण यंत्राने पाडलेल्या गोळ्यावर काप ठेवून आणणारा माणूस वळणाऱ्याचा पांढरा पोशाख घालून ओट्यामागे उभा होता, याला काय म्हणावे?

ट्यूनाला पाणी सुटले होते; घाईने वितळवलेल्या माशाला सुटते तसे. त्याचा लाल रंग ठीक होता, चव मात्र धुऊन गेली होती. शिर्क्यातला बांगडा होता, पण त्यात आता फक्त शिर्का होता. कोहादा नावाचा तारलीच्या वळणाचा एक चांदीसारखा लहान मासा असतो. स्वस्त मासा, पण त्याला मीठ किती वेळ लावायचे आणि शिर्क्यात किती वेळ ठेवायचे हे त्याच्या आकारावर, अंगच्या तेलावर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरते. म्हणून तो कारागिराची परीक्षा समजला जातो. २०१३ साली तो मिळाला होता. आता तो यादीतूनच गेला होता. अंड्याची गोडसर वडी बाहेरून आणलेली असावी. तिला कडा नव्हत्या, पोत नव्हता, फक्त गोडी होती. वासाबी किसलेले नव्हते, नळीतले होते.

हे सगळे मी मुकाट्याने संपवले. पानात टाकायचे नाही या शिस्तीत वाढलेल्या माणसाला दुसरा मार्ग नसतो. भाऊ म्हणाला, “अण्णा, लोक हल्ली इथं येत नाहीत म्हणत होतो ना मी.” मी त्याला म्हटले, “लोक शहाणे आहेत.”

आता समीक्षकाचे खरे काम सुरू होते. निराशा झाली हे सांगणे म्हणजे समीक्षा नव्हे. ती तर कुणालाही होते. निराशेतला दुकानाचा वाटा किती, काळाचा किती आणि आठवणीचा किती, हे निवडून काढले पाहिजे. तांदळातले खडे निवडावेत तसे.

पहिला आक्षेप स्मरणरंजनाचा. अकरा वर्षांत आठवणीवर साखर चढते, जुने ते सोने वाटू लागते. हा आक्षेप तपासायला सोपा होता. त्याच आठवड्यात भावाच्या घराजवळच्या एका लहानशा दुकानात, जिथे मी पूर्वी कधी पाऊल टाकले नव्हते, दोन हजार येनात जेवलो. भात उबदार होता, दाणे सुटत होते, कोहादा होता. त्या दुकानाची मला कसलीही आठवण नव्हती. तेव्हा दोष आठवणीचा नव्हे.

दुसरा आक्षेप काळाचा, आणि तो वजनदार आहे. येन घसरला आहे, मासा महागला आहे, काम करायला तरुण माणसे मिळत नाहीत. १९३५ पासून चाललेला त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार २०१८ च्या ऑक्टोबरात तोयोसूला हलला. २०२० पासूनची दोनतीन वर्षे महासाथीने ओट्यावर बसून जेवणाऱ्या दुकानांचा कणाच मोडला. पुढे २०२४ या एका वर्षात साडेतीन कोटींहून अधिक परदेशी पाहुणे जपानात आले, त्यांतल्या बहुतेकांना सुशी खायची होती आणि त्यांतल्या बहुतेकांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रतीतला फरक कळणार नव्हता. एवढे वारे सुटल्यावर दिवा फडफडणारच. पण शेजारचा दिवा त्याच वाऱ्यात जळत होता, हे कसे विसरावे? शिवाय भात उबदार ठेवायला येनचा भाव लागत नाही. लाकडी भांडे, झाकण आणि दर काही वेळाने नवा भात लावण्याची तसदी लागते. ज्या चुका पैशामुळे होतात त्या माफ कराव्यात. ज्या न बघितल्यामुळे होतात त्या कशासाठी?

तिसरा आक्षेप असा, की दोष यंत्राचा आहे, फिरत्या पट्ट्याच्या सुशीने सगळे बिघडवले. हे मला मुळीच मान्य नाही. १९५८ साली ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी या गृहस्थाने बिअरच्या कारखान्यातला फिरता पट्टा पाहून आपल्या दुकानात तसाच पट्टा बसवला. माणसे कमी लागली, दर उतरले, आणि ज्याला ओट्यावर बसायची छाती नव्हती त्या कुटुंबाला पोराबाळांसह सुशी परवडू लागली. शंभर येनची बशी ही कित्येक वर्षे त्या देशातली एक सामाजिक सोय होती. मोठ्या साखळी-दुकानांनी २०२२ च्या ऑक्टोबरात तो दर सोडला तेव्हा ती वर्तमानपत्रांची बातमी झाली. २०२३ च्या आरंभी एका पोराने टेबलावरच्या सॉसच्या बाटलीला जीभ लावतानाची चित्रफीत पसरली आणि त्यानंतर अनेक ठिकाणी पट्ट्यावर मोकळ्या बशा फिरवणेच थांबले. भावाच्या मुलाबरोबर मी अशा पट्ट्याच्या दुकानातही जेवलो. तिथला भातही यंत्राचाच होता, पण तक्रार करावी असे काही आढळले नाही. कारण त्या दुकानाने हाताचे वचनच दिले नव्हते. स्वस्त, स्वच्छ, चटकन, एवढे त्याने योजले होते आणि तेवढे त्याने केले. गटेच्या कसोटीवर ते पास. आपल्या दुकानाने मात्र भिंतीवर हाताचा फोटो लावला, हाताचे पैसे घेतले आणि यंत्राचा भात दिला. एकच यंत्र एका दुकानात प्रामाणिक आणि दुसऱ्यात अप्रामाणिक असू शकते. फरक फलकात असतो.

हा हात एवढा महत्त्वाचा का, याचे उत्तर जपानी साहित्याने फार सुंदर दिले आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने तिकडे वळणे भागच आहे. शिगा नाओया याची १९२० साली आलेली ‘पोऱ्याचा देव’ अशा अर्थाच्या नावाची एक कथा आहे. तराजूंच्या दुकानातला सेन्किची नावाचा पोऱ्या मोठ्या नोकरांच्या तोंडून सुशीची वर्णने ऐकतो. ट्रामचे पैसे वाचवून चार सेन घेऊन तो एका गाडीवर जातो आणि ट्यूनाचा तुकडा उचलतो. विक्रेता सांगतो, एकाचे सहा सेन. पोऱ्या उचललेला तुकडा परत ठेवून निघून जातो. हे पाहणारा एक श्रीमंत गृहस्थ पुढे त्याला पोटभर सुशी खाऊ घालण्याची व्यवस्था करतो आणि स्वतः मात्र चमत्कारिक उदास होतो. पोऱ्याला वाटते, हा माणूस नव्हे, देव असावा. दोन सेनांच्या फरकावर उभी असलेली ही कथा मी सुशीच्या संदर्भात वाचतो तेव्हा मला वाटते, ज्या पदार्थाची एवढी असोशी एखाद्या पोराला वाटू शकते, तो विकणाऱ्यावर केवढी जबाबदारी आहे! आजही कुणी तरी महिनाभर पैसे साठवून त्या भिंतीवरच्या फोटोखाली येऊन बसत असेल. त्याला गार भात मिळतो.

दुसरी कथा ओकामोतो कानोको या लेखिकेची. १९३९ सालची, नावच ‘सुशी’. तीत एक गिऱ्हाईक आपल्या बालपणाची हकीकत सांगतो. लहानपणी त्याला अन्न जात नसे. खाल्ले की काही तरी अशुद्ध पोटात गेल्यासारखे वाटे. तेव्हा त्याची आई एके दिवशी नवी चटई अंथरते, नवी सुरी आणि नवा पाट आणते, बाह्या सारून आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून त्याला दाखवते आणि त्याच्यासमोर सुशी वळू लागते. आधी अंड्याची, मग हळूहळू माशांची. मूल खाते. या प्रसंगात सुशीचे सगळे सौंदर्यशास्त्र आले. दुसऱ्याच्या उघड्या हातातून आलेली वस्तू आपण थेट तोंडात घालतो, मध्ये विस्तव नाही, फोडणी नाही, मसाल्याचा पडदा नाही. म्हणून हात दिसला पाहिजे, आणि त्या हातावर विश्वास बसला पाहिजे. आपल्या जेवणात चूक झाकायला रस्सा असतो. सुशीत झाकायला काही नाही.

आणि काळाची गंमत पाहा. या लेखिकेचा मुलगा ओकामोतो तारो पुढे मोठा चित्रकार झाला. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनातला ‘सूर्याचा मनोरा’ त्याचाच. त्याच प्रदर्शनात शिराइशींच्या फिरत्या पट्ट्याची सुशी लाखो लोकांनी पाहिली आणि ती देशभर पसरली. आईने कथेत हात दाखवला. मुलाच्या मनोऱ्याच्या सावलीत हात पडद्याआड गेला. यात कुणाचा दोष नाही. हाताला आणि पट्ट्याला, दोघांनाही त्या देशात जागा होती आणि आहे. जागा नाही ती सोंगाला.

राहिला शिक्षणाचा प्रश्न, आणि इथे माझ्यातला मास्तर गप्प बसू शकत नाही. सुशीच्या धंद्यात जुने म्हणणे असे, की भात शिजवायला शिकायला तीन वर्षे आणि वळायला शिकायला आठ. अलीकडे काही महिन्यांत शिकवणाऱ्या शाळा निघाल्या आहेत आणि वर्षानुवर्षांची उमेदवारी ही केवळ पिळवणूक होती, असे म्हणणारेही निघाले आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तीन वर्षे भांडी घासायला लावणे म्हणजे शिकवणे नव्हे. हाताचे कसब चांगल्या शिक्षकाकडून लवकर शिकता येते, हे मी प्रयोगशाळेत आणि मैदानावर पाहिले आहे. परंतु उमेदवारीत एक गोष्ट शिकली जात होती जी अभ्यासक्रमात बसवता येत नाही : दुसऱ्याकडे बघणे. गिऱ्हाईक डावखुरे आहे, म्हातारे आहे, त्याला घास मोठा होतो आहे, आज हवा दमट आहे, भात जरा निवला. जुन्या मालकाने एक शब्द न बोलता माझा डावा हात पाहिला. आताच्या ओट्यामागची पोरे कामसू होती, नम्र होती, पण त्यांनी मान वर केली नाही. कारण त्यांच्यापुढे माणूस नव्हता, पडद्यावरून आलेली चिठ्ठी होती. त्यांना दोष देता येत नाही. ज्याला बघायला कुणी शिकवलेच नाही, त्याने काय बघावे? मालकाच्या हाताखालची ती दोन पोरे कुठे गेली, असे मी भावाकरवी विचारले. एकाने धंदा सोडला. दुसऱ्याचे कुणाला ठाऊक नव्हते. दुकानाचे नाव वारशाने गेले, हात वारशाने गेला नाही.

म्हणून या उपाहारगृहाचा अपराध वाईट स्वयंपाकाचा नाही. पूर्वीच्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे रोज पहाटे उठून जे नाव साठवले, ते आताचे चालक थोडे थोडे खर्च करत आहेत. नावाचे असे असते की ते बँकेतल्या ठेवीसारखे बरीच वर्षे पुरते. आज एक गिऱ्हाईक गेले तरी फोटो पाहून दुसरे येते. परदेशी पाहुणा तर एकदाच येतो. तो नाराज होऊन गेला काय आणि न गेला काय. त्यामुळे गल्ल्याला लगेच काही कळत नाही. कळते तेव्हा ठेव संपलेली असते. नाटक मंडळ्यांचे, वाचनालयांचे, शाळांचे आणि, वाचकहो, दिवाळी अंकांचेही असेच होते. संस्थापकांची तसबीर मोठी होऊ लागली की आतला भात एकदा हात लावून पाहावा.

निकाल द्यायचा तर असा. योजना : उत्तम आणि अजूनही करण्याजोगी. अंमल : नापास. पण पुनर्परीक्षेची संधी आहे, कारण दुरुस्ती महाग नाही. नवे सामान नको, मोठी जागा नको, ट्यूनाची उंची प्रतही नको. भात थोडा थोडा आणि वारंवार लावावा. दहा तुकडे एकदम न आणता दोन दोन आणावेत. कोहादा पुन्हा यादीत घ्यावा आणि बिघडला तर त्या दिवशी देऊ नये. ओट्यावरचा पडदा काढावा आणि पोरांना मान वर करून गिऱ्हाईकाकडे पाहायला सांगावे. हे जमणार नसेल तर भिंतीवरचा फोटो उतरवून दर निम्म्यावर आणावेत. मग ते दुकान साधे ठरेल, पण खोटे ठरणार नाही आणि माझी त्याच्याविरुद्ध काही तक्रार राहणार नाही.